उत्तरेकडील तळ्यांत ब्लूगिल आणि इतर पॅनफिश गळाने कसे पकडावेत

हिमयुगातील हिमनद्या मागे सरल्या तेव्हा अमेरिकेच्या उत्तर भागात, विशेषतः मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांत, हजारो लहानमोठी तळी तयार झाली. त्यांतील असंख्य तळ्यांत आज ब्लूगिल नावाचा मासा आढळतो. जून महिन्यात लाकडी डॉकच्या टोकाशी बसून गळाला गांडुळाचा तुकडा लावणाऱ्या लहान मुलालाही तो सहज मिळतो, आणि त्यामुळेच तो पकडण्यात शिकण्यासारखे काही नाही असा समज रूढ झाला आहे. चार-पाच इंचांचे मासे मिळवण्यापुरता हा समज खरा आहे. परंतु हाताच्या पंजाहून मोठा, आठ-नऊ इंचांचा ब्लूगिल ठरवून शोधणे आणि वर्षानुवर्षे त्याच तळ्यात असे मासे मिळत राहतील अशा रीतीने पकडणे, यासाठी मात्र अभ्यास लागतो. माझ्या मते या अभ्यासाचे दोनच गाभ्याचे प्रश्न आहेत: आज मासा किती खोल पाण्यात आहे, आणि पकडलेल्यांपैकी कोणता मासा परत सोडायचा आहे. आमिषाचा रंग, काठीची किंमत, गळाचा ब्रँड या गोष्टी त्यानंतर येतात.

कोणता मासा कसा ओळखावा

पॅनफिश ही शास्त्रीय वर्गवारी नव्हे. तव्यात अख्खा मावेल अशा आकाराच्या, खाण्यास चांगल्या माशांना व्यवहारात दिलेले ते नाव आहे. ब्लूगिल आणि पम्पकिनसीड हे दोघे सनफिश कुळातले असून एकाच उथळ पाण्यात बरोबरीने वावरतात. ब्लूगिलच्या कल्ल्याच्या झाकणाचे मागचे टोक पूर्ण काळे असते आणि पाठीवरील पराच्या मागच्या भागात, बुंध्याशी, एक काळसर डाग असतो. पम्पकिनसीडच्या कल्ल्याच्या टोकावर लाल-नारिंगी ठिपका असतो आणि गालावर निळसर नागमोडी रेघा असतात. त्याच्या घशात कवचे फोडण्याजोगे मजबूत दात असल्यामुळे तो गोगलगाई खातो, म्हणून तो तळाशी अधिक मिळतो. रॉक बास त्याच्या लाल डोळ्यांवरून लगेच ओळखू येतो.

क्रॅपी हाही सनफिश कुळातलाच, पण त्याच्या सवयी निराळ्या आहेत. त्याचे तोंड मोठे आणि ओठांभोवतीचा पडदा इतका पातळ असतो की जोराने झटका दिल्यास गळ तो फाडून सुटतो. यलो पर्च मात्र वेगळ्या कुळातला आहे. पिवळसर अंगावर उभे काळे पट्टे असणारा हा मासा थव्याने तळालगत फिरतो, उजेडात खातो आणि अंधार पडला की जवळजवळ निश्चल होतो. क्रॅपी नेमका उलट, संध्याकाळी आणि रात्री अधिक भुकेला असतो. त्यामुळे दुपारभर पर्च मिळत असताना सूर्य मावळताच गळ शांत झाला, तर मासे निघून गेले असे समजू नये. त्याच बोटीतून, थोडे वर, क्रॅपीसाठी आमिष टाकावे.

साहित्य: हलके, आणखी हलके

ब्लूगिलचे तोंड त्याच्या अंगाच्या मानाने फार लहान असते, आणि तो आमिषाला चावत नाही, तर तोंड झटकन उघडून पाण्यासकट आत ओढतो. काही खटकले तर तो तितक्याच वेगाने ते बाहेर थुंकतो. साहित्याची सारी निवड या एका गोष्टीवरून ठरते. गळ मोठा असेल तर तो तोंडात जात नाही, दोरी जाड असेल तर आमिष नैसर्गिक रीतीने आत ओढले जात नाही, आणि बोया जड असेल तर माशाला ओढ जाणवते. नवशिक्यांच्या हाती मी नेहमी पाहतो तो लाल-पांढरा, लिंबाएवढा प्लास्टिकचा गोल बोया या तिसऱ्या दोषाचे ठळक उदाहरण आहे. तो बुडवण्याइतका जोर लावण्याआधीच मोठा ब्लूगिल आमिष सोडून देतो.

साडेपाच ते सात फुटांची अल्ट्रालाइट जातीची लवचीक काठी, तिला शोभेल असे सर्वांत लहान मापाचे स्पिनिंग रीळ आणि दोन ते चार पौंड ताकदीची मोनोफिलामेंट दोरी एवढे पुरेसे आहे. गळ आठ किंवा दहा क्रमांकाचा, बारीक तारेचा आणि लांब दांडीचा घ्यावा. गळांच्या मापात क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान असतो, हे प्रथमच विकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. लांब दांडीचा लाभ मासा सोडवताना कळतो, कारण बोटांना धरायला काहीतरी मिळते. गळाच्या टोकामागची उलटी खाच पकडीने दाबून सपाट केल्यास मासा सोडवणे अधिक सोपे होते, आणि दोरी ताणलेली ठेवली तर त्यामुळे मासे निसटण्याचे प्रमाण फारसे वाढत नाही.

वजनासाठी शिशाच्या गोळ्या अजूनही सर्रास विकल्या जातात, तरीही त्या घेऊ नयेत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. लून हा या तळ्यांचा मानबिंदू असलेला पाणपक्षी अन्न दळण्यासाठी तळातील खडे गिळतो, आणि खड्यांबरोबर एखादी शिशाची गोळी गेली किंवा शिशाचे जिग, म्हणजे वजन जडवलेला गळ, अडकलेला मासा त्याने खाल्ला तरी तेवढ्याने त्याचा विषबाधेने मृत्यू होऊ शकतो. न्यू हॅम्पशायरमध्ये एक औंस किंवा त्याहून कमी वजनाच्या शिशाच्या गोळ्या आणि जिग वापरण्यावर बंदी आहे. जिथे बंदी नाही तिथेही कथील किंवा टंगस्टन वापरावे. टंगस्टन महाग असले तरी शिशाहून घन असल्याने तेवढ्याच वजनाचे जिग आकाराने लहान राहते आणि लवकर खाली जाते, त्यामुळे मासेमाराचाही त्यात फायदाच आहे.

आमिष म्हणून गांडूळ उत्तम, पण ते अख्खे लावू नये. एका इंचाहून लहान तुकडा गळावर असा ओवावा की टोक किंचित हलते राहील. लोंबणारे लांब गांडूळ लहान मासे बाजूने कुरतडून नेतात आणि गळ रिकामा परत येतो. मेणपतंगाच्या अळ्या, नाकतोडे आणि रातकिडे हेही चांगले आमिष ठरते. क्रॅपीसाठी लहान जिवंत मासा किंवा बत्तिसाव्या अंश औंसाचे, मऊ प्लास्टिकची शेपटी असलेले जिग वापरावे.

सरकता बोया कसा बांधावा

खोली हा पहिला प्रश्न मानला, की सरकता बोया हे सर्वांत उपयोगी साधन ठरते. साधा बोया दोरीला घट्ट बसवला आणि त्याखाली दहा फूट दोरी सोडली, तर ती लांबी घेऊन आमिष फेकताच येत नाही. सरकत्या बोयात दोरीवर आधी धाग्याची एक गाठ बांधतात, जी बोटाने वरखाली सरकवता येते, पण आपोआप सरकत नाही. तिच्याखाली एक बारीक मणी, मण्याखाली आरपार भोक असलेला सडपातळ बोया, त्याखाली वजनाच्या गोळ्या आणि शेवटी गळ. फेकताना बोया गोळ्यांपर्यंत खाली येतो, म्हणून फेकणे सोपे जाते. पाण्यात पडल्यावर वजन दोरी खाली ओढते, आणि गाठ मण्यावर येऊन अडली की आमिष नेमके त्या खोलीवर थांबते. खोली बदलायची असेल तर गाठ एक फूट सरकवली की झाले.

गोळ्या इतक्या लावाव्यात की बोयाचे फक्त टोक पाण्यावर दिसेल. असा बोया अत्यंत हलक्या ओढीनेही बुडतो. शेवटची गोळी गळापासून आठ-दहा इंच वर असावी, म्हणजे आमिष खाली जाताना अखेरच्या टप्प्यात सावकाश उतरते, आणि बरेचसे मासे नेमके त्याच वेळी ते घेतात. बोया बुडण्याची वाट पाहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूस पाहणारे असतात, तो खालून येऊन आमिष घेतो आणि पुष्कळदा ते घेऊन वर चढतो. अशा वेळी बोयावरचे वजन हलके होऊन तो बुडण्याऐवजी आडवा पडतो. आडवा पडलेला बोया हीदेखील खूणच आहे, तेव्हा काठी अलगद उचलून दोरी ताणावी. याच कारणाने क्रॅपीसाठी आमिष माशांच्या पातळीच्या एक-दोन फूट वर ठेवावे. ते खाली गेले तर तो बहुधा त्याच्याकडे वळतच नाही.

बर्फ वितळल्यापासून जूनअखेरपर्यंत

वसंतात बर्फ सुटला की तळ्याचे सर्व पाणी सारखे थंड असते, आणि जिथे ते आधी तापते तिथे मासे आधी येतात. उत्तर काठावरील उथळ, काळ्या चिखलाच्या खाड्यांवर दक्षिणेकडचे ऊन दिवसभर पडते आणि गडद तळ उष्णता शोषून घेतो, म्हणून एप्रिलअखेर आणि मे महिन्यात शोधाची सुरुवात तिथून करावी. सकाळी लवकर जाण्याची घाई या दिवसांत करू नये. दुपारी दोन ते पाच या वेळेत पाणी दोन-तीन अंशांनी जरी तापले तरी जी खाडी सकाळी ओस होती ती माशांनी भरते.

विणीचा क्रम ठरलेला असतो. पर्च सर्वांत आधी, बर्फ गेल्यानंतर थोड्याच दिवसांत, अंड्यांच्या लांब फिती पाणवनस्पतींवर आणि बुडालेल्या फांद्यांवर पसरून निघून जातो. त्याला ना घरटे, ना राखण. पाणी साठ-पासष्ट अंश फॅरनहाइटला पोहोचले की क्रॅपी गेल्या वर्षीच्या लव्हाळ्यांच्या बुंध्याशी येतात. ब्लूगिलची पाळी त्यानंतर, पाणी सुमारे सत्तर अंशांच्या आसपास आले की येते. उत्तरेत हा काळ साधारण मेच्या अखेरीस सुरू होतो, जूनमध्ये भरात असतो आणि थंड तळ्यांत पुढे जुलैतही चालू राहतो.

नर ब्लूगिल शेपटीने वाळू-खडी झाडून सुमारे फूटभर रुंद, बशीसारखा खळगा करतो. असे डझनावारी खळगे एकमेकांना लागून असतात आणि ध्रुवीकृत काचांचा चष्मा लावून पाहिले तर ते उथळ पाण्यात फिकट वर्तुळांच्या वसाहतीसारखे स्पष्ट दिसतात. अंडी घातली गेली की मादी निघून जाते, आणि नर ती उबेपर्यंत व पिल्ले पोहू लागेपर्यंत राखण करतो. या काळात तो खळग्याजवळ येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर तुटून पडतो, म्हणून वर्षातील सर्वांत मोठे मासे सर्वांत सहज या दिवसांत मिळतात.

नेमका इथेच तळ्याचे नुकसान होते, आणि त्यामागचे कारण मी सविस्तर सांगणार आहे, कारण पुष्कळ अनुभवी मासेमारांनाही ते ठाऊक नसते. ब्लूगिलमध्ये नरांचे दोन मार्ग असतात. काही नर अनेक वर्षे वाढतात, मोठे होतात आणि मगच घरटे करून राखण करतात. दुसरे काही लहानपणीच वयात येतात आणि मोठ्या नराच्या घरट्यात चोरून शिरून अंडी फलित करतात. राखण करू शकणाऱ्या मोठ्या नरांची वसाहतीत गर्दी असते, तोवर तरुण नराला लवकर वयात येऊन उपयोग नसतो, कारण घरट्यासाठी त्याला जागाच मिळत नाही, म्हणून तो आपली ताकद वाढीवर खर्च करतो. मोठे नर काढून नेले की हा अटकाव संपतो. पाच इंचांचे नर वयात येऊन घरटी करू लागतात, आणि एकदा ताकद विणीकडे वळली की त्यांची वाढ मंदावते. काही वर्षांतच त्या तळ्यात असंख्य पण बोटभर मासे उरतात. उत्तरेतील वाढीचा हंगाम मुळातच आखूड असल्याने आठ इंचांचा ब्लूगिल सहसा सहा ते आठ वर्षांचा, कधी त्याहूनही मोठा असतो. त्यामुळे एका जूनमध्ये बादलीभर मोठे नर नेले, तर ती भर निघायला दशकभर लागते.

म्हणून घरट्यांवरचे, विशेषतः छाती गडद नारिंगी झालेले मोठे नर पकडलेच तर तत्काळ त्याच जागी सोडावेत. मी स्वतः अंडी असलेल्या वसाहतीवर गळ टाकणेच थांबवले आहे, कारण नराला वर काढून सोडेपर्यंतच्या त्या दोन मिनिटांत शेजारचे मासे त्याची अंडी खाऊन टाकतात. खाण्यासाठी न्यायचेच असतील तर सहा ते साडेसात इंचांचे मासे, तेही जेवढे एका जेवणाला लागतात तेवढेच, ठेवावेत आणि आठ इंचांवरचे सोडून द्यावेत. घरट्यांपासून थोडे बाहेर, वनस्पतींच्या कडेला सहा-आठ फूट पाण्यात, विणीची वाट पाहणारे आणि विणून परतलेले मासे असतात. तिथे मासेमारी केल्यास वसाहतीला त्रास होत नाही.

उन्हाळा: मोठे मासे जिथे कोणी शोधत नाही

जुलै आला की डॉकभोवती लहान ब्लूगिलच उरतात आणि मोठे कुठे गेले हा प्रश्न पडतो. मिशिगनमधील तळ्यांवर झालेल्या संशोधनातून याचे उत्तर चांगले उलगडले आहे. बास आणि पाइकसारख्या शिकारी माशांच्या भीतीने लहान ब्लूगिल वनस्पतींच्या जंगलात लपून राहतात, जरी बाहेर खुल्या पाण्यात अन्न अधिक असले तरी. बासच्या तोंडात मावणार नाही एवढा आकार झाला की मग ब्लूगिल निर्धास्तपणे खुल्या पाण्यात जातो आणि डॅफ्नियासारख्या पाणपिसवांवर पोसतो. हे बारीक जीव डोळ्यांना टिपण्याइतकेच मोठे, पण त्यांचे थवेच्या थवे असतात.

याचा अर्थ असा, की मोठा मासा शोधायचा असेल तर काठाकडे पाठ करावी. वनस्पतींची बाहेरची कड जिथे संपते, तिथून पुढे पंधरा ते तीस फूट खोल पाण्यावर बोट आणावी, पण आमिष तळाला न नेता आठ ते अठरा फुटांच्या दरम्यान फिरवावे. उन्हाळ्यात तळ्याचे पाणी थरांत विभागते. वरचे कोमट पाणी आणि खालचे थंड पाणी यांमधल्या थरात तापमान झपाट्याने उतरते, आणि सुपीक तळ्यांत त्याखाली प्राणवायू इतका कमी असतो की मासे तिथे राहूच शकत नाहीत. म्हणून चाळीस फूट खोल तळ्यातही प्रत्यक्ष शोधण्याची जागा वरच्या वीस-बावीस फुटांपुरती असते, आणि हे उमगले की ते अफाट वाटणारे पाणी एकदम आटोक्यात येते.

फिश फाइंडर, म्हणजे पाण्यातले मासे पडद्यावर दाखवणारे यंत्र, असेल तर मध्यावर तरंगणारे ठिपक्यांचे पुंजके शोधावेत. नसेल तर वाऱ्याबरोबर बोट हळूहळू वाहू द्यावी आणि चौसष्टाव्या किंवा बत्तिसाव्या अंश औंसाचे जिग सोडून मनात अंक मोजावेत. पाचवर मासा लागला नाही तर पुढच्या वेळी आठ, मग बारा, असे करत गेल्यास कुठल्यातरी अंकावर मासा लागतो, आणि मग तोच अंक पुन्हा पुन्हा मोजायचा. नांगर टाकायचा तो मासा लागल्यानंतर, आधी नव्हे. दिवसभर एकाच बाजूने वारा वाहिला असेल तर ज्या काठाकडे वारा वाहतो तिकडची कड आधी पाहावी, कारण बारीक जीव प्रवाहाबरोबर तिकडे लोटले जातात.

संध्याकाळी पाणी निवांत झाले की फ्लाय रॉडचा, म्हणजे हलके कृत्रिम किडे फेकण्याच्या काठीचा, आनंद वेगळाच आहे. तीन किंवा चार वजन-क्रमांकाच्या फ्लाय रॉडवर दहा क्रमांकाच्या गळाचा, रबरी पायांचा फोमचा कोळी वॉटर लिलीच्या पानांच्या कडेला अलगद टाकावा आणि पाण्यावरची वर्तुळे पूर्ण विरेपर्यंत तो मुळीच हलवू नये. ब्लूगिल त्या कोळ्याच्या खाली येऊन काही क्षण त्याच्याकडे टक लावून पाहतो. उतावीळ होऊन ओढले तर तो निघून जातो, थांबले तर ओठांच्या चुटक्यासारखा आवाज करून तो कोळी आत ओढतो. तो आवाज मी वर्षातून अनेकदा ऐकतो आणि दर वेळी तितकाच हरखतो.

सप्टेंबरनंतर वनस्पती पिवळ्या पडून कुजू लागतात. जिथे हिरवा पट्टा टिकून आहे तिथेच तेव्हा मासे गोळा होतात. शरद ऋतूच्या अखेरीस क्रॅपी तळ्याच्या खोल मध्यभागी उतरतात. पंचवीस-तीस फुटांखालून वर ओढलेल्या माशाच्या पोटातील हवेची पिशवी दाब कमी झाल्याने फुगते आणि सोडल्यावर तो खाली जाऊ शकत नाही. एवढ्या खोलीवर पकडून सोडण्याचा खेळ करू नये. जेवणापुरते मासे मिळाले की थांबावे.

बर्फावरची मासेमारी

उत्तरेत पॅनफिशच्या मासेमारीचा मोठा वाटा हिवाळ्याचा असतो. तिथे पहिला विचार माशाचा नसून बर्फाचा आहे. चालत जाण्यासाठी नवा, स्वच्छ, काचेसारखा बर्फ किमान चार इंच जाड हवा. पांढरा, भुसभुशीत हिमातून गोठलेला थर साधारण निम्म्याच ताकदीचा असतो, म्हणून तिथे दुप्पट जाडी हवी. तळ्यावर सर्वत्र जाडी सारखी नसते. झऱ्यांवर, ओढ्यांच्या मुखाशी आणि सामुद्रधुनीसारख्या अरुंद जागी बर्फ पातळ राहतो. हातात पहार घेऊन प्रत्येक काही पावलांवर समोर जोरात आपटत पुढे जावे, आणि एका फटक्यात पहार आरपार गेली तर आल्या पावली परतावे. अंगात लाइफ जॅकेट, गळ्यात दोरीने अडकवलेले दोन बर्फटोचे आणि बरोबर एक सोबती, यांच्याशिवाय पहिल्या बर्फावर पाऊल टाकू नये. पाण्यात पडलेच तर आलेल्या दिशेकडे तोंड वळवावे, कारण तिकडचा बर्फ आपले वजन पेलत होता. टोचे रोवून, पाय जोराने मारत अंग आडवे बाहेर ओढावे, आणि उभे न राहता लोळत लांब जावे.

सुरुवातीच्या बर्फात ब्लूगिल आठ-दहा फुटांतल्या हिरव्या वनस्पतींत असतात. जानेवारीत बर्फावर हिम साचले की उजेड खाली पोहोचत नाही, वनस्पती मरून कुजतात आणि उथळ पाण्यातला प्राणवायू कमी होतो, म्हणून मासे खोल भागाच्या कडांवर सरकतात. मार्चमध्ये वितळलेले पाणी भोकांतून आत शिरू लागले की ते पुन्हा उथळ पाण्यात येतात. गिरमिटाने एकच भोक पाडून तासन् तास बसणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. एका रेषेत, उथळाकडून खोलाकडे, दहा-बारा भोके एकदमच पाडून घ्यावीत म्हणजे नंतर आवाज होत नाही, आणि प्रत्येकावर पाच-सात मिनिटे देऊन पुढे सरकावे.

दोन पौंडांची दोरी, तीन ते पाच मिलिमीटरचे टंगस्टनचे जिग आणि त्यावर एक मेणपतंगाची अळी, एवढेच साहित्य लागते. थंड पाण्यात मासा इतक्या हलकेपणाने आमिष घेतो की हाताला कळत नाही, म्हणून काठीच्या टोकाला बारीक लवचीक तार लावतात आणि डोळे तिच्यावर ठेवतात. जिग माशाच्या वर थरथरवत ठेवावे. मासा वर येताना फ्लॅशरवर (भोकाखालची खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्रावर) दिसला की जिग तितक्याच संथपणे वर न्यावे. पाठलाग करणारा मासा बहुधा घेतो, आणि खाली सोडलेल्या आमिषापासून मात्र तो दूर होतो. पर्चसाठी उलट करावे. जिग चिखलावर दोन-तीनदा आपटून गढूळ ढग उठवावा, कारण चिखलातील अळ्या शोधणारा थवा त्याकडे वळतो.

हाताळणी आणि नियम

माशाला हात लावण्याआधी हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. पाठीवरच्या काट्यांसाठी हात डोक्याकडून शेपटीकडे सरकवत पर दाबून धरावा. पर्चच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड धारदार असते, तिथे बोट घालू नये. गळ घशात खोल गेला असेल तर ओढाताण न करता दोरी तोंडाजवळ कापावी. ठेवायचा मासा लगेच मारून बर्फात घालावा. कोमट पाण्याच्या बादलीत तासभर तडफडलेल्या माशाचे मांस नरम आणि बेचव होते. मांसाचे तुकडे पातळ असल्याने तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंना मिळून चार-पाच मिनिटे पुरतात.

परवाना आणि दैनंदिन मर्यादा राज्यागणिक, आणि एकाच राज्यात तळ्यागणिकही बदलतात. मिनेसोटात सनफिशची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला २० आणि क्रॅपीची १० आहे. परंतु मोठे ब्लूगिल टिकावेत म्हणून तिथल्या नैसर्गिक संसाधन विभागाने दोनशेहून अधिक तळ्यांवर सनफिशची मर्यादा ५ किंवा १० वर आणली आहे. विस्कॉन्सिनमध्ये बहुतेक अंतर्गत तळ्यांवर सर्व पॅनफिश मिळून २५ ठेवता येतात. नियमपुस्तिका दर वर्षी निघते, म्हणून निघण्यापूर्वी त्या वर्षीची पुस्तिका आणि तळ्यात बोट उतरवण्याच्या जागी लावलेला फलक दोन्ही वाचावेत.

तळे सोडताना बोटीतले आणि आमिषाच्या डब्यातले पाणी काढून टाकावे, चिकटलेल्या वनस्पती काढाव्यात, कारण झेब्रा शिंपल्यांची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत आणि ओंजळभर पाण्यातूनही दुसऱ्या तळ्यात जातात. उरलेली गांडुळेही झाडीत फेकू नयेत. हिमनद्यांनी झाकलेल्या या उत्तरेकडील जंगलांत मूळची गांडुळे नाहीत, आणि बाहेरून आलेली गांडुळे पानांचा जाड थर खाऊन संपवतात, ज्यावर तिथली कोवळी रोपे आणि रानफुले जगतात. ती कचऱ्याच्या डब्यातच टाकावीत. जिवंत मासाही एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात कधी नेऊ नये. १९६० साली शिकागोच्या महापौरांनी जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांना भेट दिलेले ब्लूगिल पुढे तिथल्या पाण्यात पसरले. जपानच्या बिवा सरोवरातील मूळ माशांना त्यांचा इतका उपद्रव झाला, की २००७ साली, सम्राट झालेल्या अकिहितो यांनी त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

प्रत्येक फेरीनंतर तारीख, पाण्याचे तापमान, मासे मिळाले ती खोली आणि सोडलेल्या सर्वांत मोठ्या माशाची लांबी एवढ्या चार नोंदी वहीत कराव्यात. दोन हंगाम झाले की त्या तळ्यावर कोणत्या आठवड्यात गाठ किती फुटांवर बांधून निघायचे, हे वही पाहूनच ठरवता येते.